इमाम धरून चाळीस

मशिदीत शिरायचं तर आधी मोजणीचाचाच्या हाताखालून जावं लागतं. चपला-बूट फळीवर ठेवा. मोजे राहू द्यात. अर्धी चड्डी चालायची नाही, हा घ्या झगा. झग्यांचं कपाट त्याच्या पाठीमागेच आहे. आलेल्या माणसाला वरपासून खालपर्यंत एकदा बघून तो बरोबर मापाचा झगा काढतो, आणि एखादी बाई तो अंगावर चढवून इकडेतिकडे आरसा शोधायला लागली की म्हणतो, "आरसा नाही ठेवलेला. पण बऱ्या दिसताय, चला." बाई हसते, तिचा नवरा हसतो, आणि परक्या माणसांचा तो घोळका अनवाणी त्याच्या मागून निघतो.

माणूस तसा बोलघेवडा. तरुणपणी फळांच्या पेट्या ठोकायचा. बांग द्यायचं काम त्याच्या बापाकडून त्याच्याकडे आलेलं, आणि आवाज असा की पेट्यांच्या कारखान्यातला मालकसुद्धा म्हणायचा, तू नुसता हाका मारायला ये, ठोकायला दुसरा ठेवतो. पुढे घुमटाला तडे गेले, दुरुस्ती निघाली आणि मशिदीच्या पंचांनी ठरवलं की पाहुण्यांसाठी दार उघडायचं. त्यांना आतून फिरवायला कुणीतरी हवं होतं. बाकीच्यांनी नाकं मुरडली. ह्याने उडी मारून काम घेतलं. लोक एवढ्या लांबून आपली मशीद बघायला येतात, ह्याचं त्याला कोण कौतुक.

आणि दाखवायचाही छान, खोटं कशाला बोला. आधी वजूचे, म्हणजे नमाजेआधी हातपाय धुवायचे नळ. दगडी बैठकीवर स्वतः बसून दाखवायचा: हात, चूळ, नाक, तोंड, कोपरापर्यंत बाह्या, डोक्यावरून ओला हात, शेवटी पाय. "थंडीतसुद्धा?" कुणीतरी विचारायचंच. "थंडीत तर जास्तच. गार पाण्याने धुतलं की अल्ला जास्त खूश होतो, असं माझी आई म्हणायची. स्वतः मात्र पाणी तापवून घ्यायची." मग आत. भिंतीतला तो कोनाडा, ती मेहराब. नमाजेत सगळ्यांनी तिकडे तोंड करायचं, इमामाने सगळ्यांच्या पुढे उभं राहायचं, आणि कोनाडा पोकळ अशासाठी की इमामाचा आवाज भिंतीवर आपटून मागच्या रांगेपर्यंत पोचावा. देवाचं चित्र कुठाय? नाही. पण भिंतभर अक्षरं आहेत आणि वेली आहेत, बघा. पुढची जागा कुणाची? जो आधी येईल त्याची. मंत्री उशिरा आला तर चपलांपाशी बसेल. हे सांगितलं की पाहुणे फार खूश व्हायचे. प्रत्येकाच्या मनात आपापला एक मंत्री असणार.

पण त्याची खरी रंगायची ती शुक्रवारची गोष्ट. एरवी दुपारची नमाज, म्हणजे जुहर, चार रकातींची असते. उभं राहणं, वाकणं, कपाळ टेकणं असा एक फेरा म्हणजे एक रकात. शुक्रवारी मात्र जुम्याची नमाज. ती दोनच रकातींची, आणि उरलेल्या दोहोंच्या जागी इमामाचं प्रवचन, खुतबा. "पण आमच्या पंथात जुम्याला चाळीस पुरुष लागतात," तो चार बोटं वर करून सांगायचा. "इमाम धरून चाळीस. आणि तेही इथलेच. उन्हाळा असो की हिवाळा, ज्याचं बिऱ्हाड इथे आहे आणि जो इथून हलत नाही, असे. वाटसरूने जरूर नमाज पढावी, त्याला आम्ही डोक्यावर घेऊ. पण मोजणीत तो नाही."

"आणि एक कमी पडला तर?"

"तर जुमा नाही. साधी चार रकातींची जुहर पढायची आणि निमूट घरी जायचं."

"म्हणजे इथे आम्ही एवढे सगळे उभे असलो तरी?"

"तुम्ही एवढे सगळे असलात तरी," चाचा म्हणायचा, आणि त्याला त्यात मोठा अभिमान वाटायचा. एकदा एक गोरागोमटा म्हातारा म्हणाला, मग मी इथेच घर घेतो. सगळे हसले. तो खरंच पुढच्या वर्षी आला आणि शिंप्याचं घर घेऊन गेला. वर्षातून आठवडाभर येऊन राहतो, गच्चीत खुर्ची टाकून चहा पितो. मोजणीत मात्र शिंपी गेला तो गेलाच.

मोजणीचाचा हे नाव पडलं ते ह्यातूनच. दर शुक्रवारी बांग झाली की तो मागच्या रांगेपासून पुढे ओठ हलवत जायचा. एकदा लोहार खाली वाकून पायाचा काटा काढत होता, तो मोजायचा राहिला, आणि ह्या गृहस्थाने इमामाला खुतब्यासाठी मिंबराच्या पायऱ्या चढू दिल्या नाहीत. पुन्हा पहिल्यापासून मोजलं, तेव्हा जीव भांड्यात पडला. मोहल्ल्यातले लोक म्हणायचे, लग्नातसुद्धा ह्याने आधी वऱ्हाड मोजलं आणि मग कबूल म्हणाला. चाची, म्हणजे त्याची बायको, हे ऐकून म्हणायची, "मोजलं असतं तर बरं झालं असतं. जेवण कमी पडलं होतं."

तर असा हा माणूस. वाईट नव्हे, पण हट्टी. आणि हट्टी माणसाच्या पदरी जे पडतं ते त्याच्या एकट्याच्या पदरी कधी पडत नाही, घरातल्या माणसांच्या पदरी आधी पडतं.

मशिदीभोवतीच्या गल्ल्या पाहुण्यांना आवडायला लागल्या. आवडणारच, चाचाने त्यांना आवडाव्यात म्हणूनच तर सगळा खटाटोप केलेला. आधी एका घराची पुढची खोली मुक्कामाला दिली गेली. मग दोन घरं. मग अख्खी गल्ली. चाकांच्या पेट्यांचा खडखडाट सकाळपासून सुरू व्हायचा. पिठाची गिरणी गेली, तिथे टोप्या आणि पिशव्या विकायला आल्या. पाणी दुपारीच संपायला लागलं. ज्याला जमलं तो टेकडीवरच्या नव्या वसाहतीत राहायला गेला. तिथे लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे, आणि नवी मशीद आहे, तीत पंखेसुद्धा न कुरकुरता फिरतात. चाचाचा मुलगा फ्रिज दुरुस्त करतो, तोही बायकोमुलांना घेऊन तिकडे गेला.

शुक्रवारचा आकडा घसरत घसरत चाळिसाच्या काठावर येऊन थांबला तेव्हा पंचांची बैठक झाली. इमाम तरुण, शिकलेला, मवाळ बोलणारा. त्याने हळूच विषय काढला: दुसऱ्या पंथात एवढे लागत नाहीत, तीन-चारांवरही जुमा होतो, अडचणीच्या वेळी त्यांचं मत घेतलं तर गुन्हा नाही, मोठमोठ्या आलिमांनी, धर्माच्या जाणकारांनी, तशी मुभा दिलेली आहे. दोघांनी माना डोलावल्या. आणि मोजणीचाचा उठून उभा राहिला.

"माझ्या बापाने ह्या मशिदीत चाळीस मोजले," तो म्हणाला. "त्याच्या बापाने मोजले. आज कमी पडायला लागले म्हणून आपण पंथ बदलायचा? उद्या तीनही नसतील, मग काय करणार? तेव्हा म्हणाल, पाहुणे मोजा. एकोणचाळीस म्हणजे एकोणचाळीस. होत असेल तर नीट होऊ दे, नाहीतर बंद पडू दे. पण माझ्यामुळे बंद पडणार नाही, एवढं मी सांगतो. मी मेल्याशिवाय इथून हलणार नाही."

एवढ्या तावातावाने बोलणाऱ्या म्हाताऱ्यापुढे कोण बोलणार? इमामाने विषय मिटवला. बेकरीवाल्याने पाठ थोपटली. चाचा छाती पुढे काढून घरी गेला आणि चाचीला सगळं साभिनय करून दाखवलं.

चाची भाकरीच्या तव्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही हलणार नाही ते कळलं. माझ्या गुडघ्यांना विचारलंत का?"

त्यांचं घर वरच्या मजल्यावर. जिना उभा, अरुंद, दगडी, पायऱ्या मधोमध झिजून गुळगुळीत झालेल्या. संडास खाली. पाणी खालून आणायचं. चाचीचे गुडघे बरीच वर्षं कुरकुरत होते, आता ओरडायला लागले होते. ती बसून, एकेका पायरीवर टेकत खाली उतरायची. मुलगा दर भेटीत म्हणायचा, "अब्बा, चला ना. लिफ्ट आहे. अम्मीला न्हाणीघर खोलीला लागून आहे." सूनही आग्रह करायची, आणि मनापासून करायची, सुनेचं नाव घेऊन बोटं मोडायची सोयच नव्हती.

"तू जा हवं तर," चाचा म्हणायचा. पण ते नुसतं तोंडदेखलं. चाची एकदा खरोखर बोचकं बांधायला लागली तेव्हा त्याचा चेहरा पडला. "असं बघ," तो समोर बसून म्हणाला, "बायको जिथे, तिथे माणसाचं बिऱ्हाड. तू तिकडे गेलीस की लोक म्हणतील ह्याचं घर तिकडे झालं. मग मी इथला कसा? एक मुंडकं कमी झालं की संपलं. थोडे दिवस काढ. कुणी ना कुणी परत येईल."

"मी तुमच्या त्या चाळिसात नाही," चाची म्हणाली. "बायका मोजत नाहीत. मग त्या चाळिसासाठी मला कशाला बांधून ठेवताय?"

तो उठून बांग द्यायला गेला. चाचीने बोचकं सोडलं, कपडे पुन्हा फळीवर लावले आणि रडली. रडली, डोळे पुसले, आणि पाणी आणायला खाली उतरली, बसून, एकेका पायरीवर टेकत.

अशी वर्षं गेली. ती पुन्हा कधी त्या विषयावर बोलली नाही. चाचाला वाटलं, तिला पटलं.

शुक्रवारी चाळीस भरत होते. कधी बेचाळीस, कधी काठोकाठ. बेकरीवाला यायचा, चष्म्यांच्या दुकानवाला यायचा, लोहाराचा धाकटा भाऊ यायचा. पहाटेच्या नमाजेला ही मंडळी दिसेनाशी झाली होती खरी, पण चाचा म्हणायचा, थंडी आहे, वयं झाली, झोप कुणाला सुटते. "पुढच्या खोल्या पाहुण्यांना दिल्यात, आम्ही मागे राहतो," असं कुणी सांगितलं की तो मान डोलवायचा. मागे जाऊन बघावं असं त्याच्या मनात आलं नाही. आलंही असेल, त्याने दाबलं असेल. शुक्रवारी डोकी भरली की बाकीचा आठवडा त्याला काही बघायचं नसायचं.

मग एका पहाटे खाली संडासला निघालेली चाची जिन्यावरून पडली. शेजारच्या खोलीत मुक्कामाला आलेल्यांनी आपली चाकांची पेटी वळणावरच्या पायरीवर ठेवलेली. अजून उजाडलं नव्हतं. तिचा पाय पेटीला अडला, पेटी गडगडत खाली गेली आणि मागोमाग चाची. चाचा मशिदीतून पहाटेची नमाज आटपून परत आला तेव्हा ती जिन्याखाली भिंतीला टेकून बसली होती. ओरडली नव्हती. पाहुणे झोपलेत, त्यांना कशाला उठवायचं, असं तिला वाटलं म्हणे. ओलं झालेलं लुगडं आवरत ती म्हणाली, "मला उचलू नका. काहीतरी मोडलंय."

खुब्याचं हाड. इस्पितळात त्यात खिळे घातले, पण वयाचं हाड, नीट जुळलं नाही. डॉक्टरीणबाई स्पष्टच बोलल्या: चालणं विसरा, बसती राहिली तरी पुष्कळ. इस्पितळातून तिला सरळ टेकडीवर मुलाच्या घरी नेलं. बिऱ्हाड उठलं. जुनं घर मुलाने मुक्कामवाल्यांना देऊन टाकलं. चाचाने सही केली. कशासाठी अडवणार होता? त्या जिन्याने आता कोण वर जाणार होतं?

पुढल्या शुक्रवारी तो बसने खाली आला. पहिल्यांदाच बसने मशिदीत आला. बांग दिली, मोजायला निघाला, आणि पुढच्या रांगेपाशी पोचला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की इमाम धरून, स्वतःला धरून, बरोबर चाळीस आहेत. स्वतःला धरून.

इमाम मिंबरापाशी उभा होता. त्याला कळलं होतंच, सगळ्यांना कळलं होतं. तो हळू आवाजात म्हणाला, "चाचा, मुक्काम हलवलात असं ऐकलं."

सगळी डोकी वळली. दोरीच्या पलीकडे पाहुणे दाटीवाटीने बसले होते, झगे घालून, फोन काढून. बेकरीवाला त्याच्याकडे बघत होता. चष्मेवाला जमिनीकडे.

"तात्पुरता," मोजणीचाचा म्हणाला. "हिचं हाड जुळेपर्यंत. मग परत येणार."

"परत यायची नियत आहे ना?"

"आहे."

"मग तुम्ही इथलेच," इमाम म्हणाला आणि मिंबरावर चढला.

उभ्या आयुष्यात तो मशिदीत खोटं बोलला नव्हता. बाहेर बोलला असेल, पेट्यांच्या कारखान्यात तर रोजच. पण आत नाही. खुतबा चालू होता आणि त्याला एक शब्द ऐकू येत नव्हता. त्याच्या डोक्यात एवढंच घोंघावत होतं की हा खुतबा नाहीच. एकोणचाळीस माणसं बसलीत, आणि ही सगळी जुम्याची नमाज माझ्या तोंडच्या एका शब्दावर उभी आहे, आणि तो शब्द खोटा. एकोणचाळीस भल्या माणसांची नमाज मी बुडवली. खरं सांगितलं असतं तर जुमाच बंद पडला असता. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे हा म्हातारा, कपाळ गालिच्यावर टेकून.

त्या दिवशी सगळे पांगल्यावर तो झग्यांच्या कपाटामागे गेला. तिथे भिंत आणि कपाट ह्यांच्यामध्ये माणूसभर जागा आहे. तिथे त्याने आपली जुहर पढली, पूर्ण चार रकाती. जुमा झाला नाही तर जुहर डोक्यावर राहते, ती तरी फेडावी. बाकीच्यांची त्याच्या डोक्यावर होती त्याचं काय करायचं, ते त्याला कळत नव्हतं.

मग दर शुक्रवारी हेच. बस, बांग, मोजणी, स्वतःला धरून. जुमा. मग कपाटामागे चार रकाती. पाहुण्यांना गोष्ट सांगताना तो चाळिसाचं आता गाळायला लागला. नळ दाखवायचा, मेहराब दाखवायचा, आणि शुक्रवारचं कुणी विचारलं तर म्हणायचा, "शुक्रवारी गर्दी असते." झगे देताना थट्टा करायचा बंद झाला. रात्रीचं जेवण जात नव्हतं. सुनेला वाटायचं, अम्मींच्या काळजीने. तिने त्याच्यासाठी वेगळं मऊ काहीतरी करायला सुरुवात केली, आणि तेही त्याला खोटं बोलून मिळवल्यासारखं वाटायचं.

पकडला गेला तो सवयीने. फर्ज, म्हणजे सक्तीच्या नमाजेआधी इकामत म्हणायची असते, लहानशी बांगच ती, उभं राहा म्हणून सांगणारी. एकट्या माणसाने पुटपुटली तरी चालते. चाचा जन्माचा बांगी. इकामतीशिवाय त्याचे हात कानापर्यंत उठायचेच नाहीत. आणि तो कितीही हळू म्हणाला तरी तो आवाज पेट्यांच्या कारखान्यातला. एका शुक्रवारी इमाम विसरलेला चष्मा घ्यायला परत आला. रिकाम्या मशिदीत, जुमा होऊन गेल्यावर, कुणीतरी फर्जाची इकामत म्हणतंय. तो तिथेच थांबला. चार रकाती पुऱ्या होईपर्यंत थांबला.

नमाज संपवताना चाचाने मान वळवून सलाम फिरवला तेव्हा उजवीकडे, कपाटाच्या कडेशी, इमामाचे पाय दिसले.

"मी खोटं बोललो," तो बसल्या जागेवरून म्हणाला. "परत येणार नाही मी. घर दिलंय. परत येणार म्हणालो, त्याच्या आधीच दिलेलं होतं. तुमची सगळ्यांची नमाज मी खाल्ली, इमामसाहेब. आता तुम्हीच सांगा काय करू. सगळ्यांच्या पाया पडू?"

इमाम खाली बसला, तिथेच, त्या अडचणीच्या जागेत, गुडघ्याला गुडघा लावून. तो रागावला नव्हता. त्याचा चेहरा एखाद्या दमलेल्या माणसाचा होता.

"चाचा," तो म्हणाला, "तुम्ही कुणाची नमाज खाल्ली नाहीत. बेकरीवाले टेकडीवर राहतात."

"मागे राहतात ते. पुढच्या खोल्या दिल्यात."

"मागेही पाहुणेच राहतात. चष्मेवाले त्यांच्या मुलीकडे. लोहाराचा भाऊ तर नदीपलीकडे गेला, दोन बसा बदलून येतो. प्रत्येक जण एकेकटा माझ्याकडे आला, असाच रडवेला होऊन. प्रत्येकाला वाटायचं, आपणच एक. मी काय सांगणार? म्हटलं, येत जा. रांगेत उभे राहत जा. घरी जाऊन आपली जुहर पढून टाका. मीही पढतो."

"तुम्ही?"

"दर शुक्रवारी. घरी, दार लावून."

चाचाला आधी काही समजलंच नाही. मग म्हणाला, "मला का नाही सांगितलं?"

"तुम्हाला कोण सांगणार?" इमाम कसंनुसं हसला. "त्या दिवशी बैठकीत तुम्ही जे बोललात ते ऐकून कुणाची छाती होती? मोजणारे तुम्ही. सगळे म्हणायचे, म्हातारा त्या जिन्यावर राहतोय, त्याला निदान हे समाधान तरी असू दे. त्याला कळलं तर तो खचेल." आणि मग, आपण धीर देतोय अशा समजुतीने, त्या भल्या माणसाने पुढे सांगितलं, "तेव्हा तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमच्यामुळे काही मोडलेलं नाही. खरे चाळीस बऱ्याच वर्षांत नाहीत."

"किती वर्षांत?"

"बैठक झाली ना, त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात बेकरीवाले गेले. तेव्हा एकोणचाळीस झाले. त्यानंतर एकदाही भरले नाहीत."

म्हणजे चाचीने बोचकं बांधलं, त्याच्याही आधी. चाचाने बोटांवर काही मोजलं नाही, मोजायची गरजच नव्हती. ज्या दिवशी तो तिच्यासमोर बसून म्हणाला होता, एक मुंडकं कमी झालं की संपलं, त्या दिवशी सगळं संपून गेलेलं होतं. त्यानंतरची सगळी वर्षं ती त्या जिन्यावर चढत-उतरत होती ती कशासाठीच नाही. त्याने कपाट धरून ठेवलं. इमाम पाणी आणू का म्हणून विचारत होता. चाचा म्हणाला, नको. उशीर होतोय, तिला कुशीवर वळवायची असते.

तो बाहेर आला तेव्हा दुपारच्या पाहुण्यांची रांग लागली होती. दारावरच्या दुसऱ्या माणसाला त्याने झगे द्यायला सांगितलं आणि बस पकडली. खिडकीतून त्याला काय दिसलं हे त्याला सांगता आलं नसतं. मरण यावं तर आत्ता यावं, घरी पोचायच्या आधी, एवढं एकच त्याच्या मनात होतं. बस वेळेवर पोचली.

चाची खिडकीजवळच्या खाटेवर होती. सून बाजारात गेलेली. त्याने हातपाय धुतले, दोन्ही हात तिच्या पाठीखाली घालून तिला कुशीवर वळवलं, पायाखाली उशी दिली. ती एवढी हलकी झाली होती की त्याला दर वेळी नव्याने धक्का बसायचा. तो खाटेच्या कडेवर बसून तिचा चांगला पाय चेपायला लागला.

"चेहरा का असा?" तिने विचारलं.

"ऊन होतं."

मग भिंतीकडे तोंड करूनच बोलायला लागली. कुशीवर असली की तिला भिंतच दिसायची.

"तुम्हाला एक सांगायचं होतं. मी फार राग धरला होता तुमच्यावर. त्या वर्षांमध्ये. जिन्यावर बसून शिव्या द्यायचे मनात, खरंच. इस्पितळात तर वाटलं, ह्या माणसाचं तोंड बघू नये. पण आता नुसती पडून असते ना, विचार येतात. म्हटलं, आपण तेव्हाच निघून आलो असतो, तर तुमच्या त्या रांगेत एक कमी पडला असता. एवढी वर्षं जुमा चालला, तो आपण थांबलो म्हणून चालला. बायकांना मोजत नाहीत ते ठीक आहे. पण मी होते म्हणून तुम्ही होतात. तेव्हा माझाही त्यात थोडा वाटा असणारच. अल्ला बघतच असेल की. असं मनात आलं आणि बरं वाटलं मला. हाड मोडलं ते फुकट नाही मोडलं."

चाचाने उशी सारखी केली. मग पुन्हा पाय चेपायला लागला.

"बोला की," ती म्हणाली. "बरोबर आहे ना मी म्हणते ते?"

"बरोबर आहे," मोजणीचाचा म्हणाला.

"आज भरले होते?"

"भरले होते."

तिने समाधानाने डोळे मिटले आणि विचारलं, आज इमामसाहेब कशावर बोलले. कित्येक शुक्रवारांत त्याने खुतब्यातलं अक्षर ऐकलेलं नव्हतं. त्याने घसा साफ केला, आणि इमामाच्या आवाजात, सावकाश, तिला सगळा खुतबा रचून सांगितला.